वास कसाय आज?

बजाजनगरात आमच्या शेजारच्या काकांच्या कंपाउंडवर लाल गुलाबाचा वेल आहे. नवी फांदी ते उभी वाढू देत नाहीत. जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी जाळीला आडवी बांधतात. "उभी फांदी नुसती पळती. आडवी केली की डोळ्याडोळ्याला फूल," असं म्हणतात.

करोनात त्यांना वास येणं बंद झालं, ते झालंच. तेव्हापासून रोज सकाळी ते भिंतीवरून एक फुललेली फांदी माझ्यापुढं वाकवतात. "ताई, वास कसाय आज?" 'छान' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "छान म्हंजी? कालच्यापरीस जास्त का कमी?" फुलाचाही पंचनामा असतो का, असं मनात म्हणत मी डोळे मिटून हुंगते.

गेल्या आठवड्यात मला सर्दी झाली होती, आणि डबे भरायचे राहिले होते. मी फुलापाशी नाक नेल्यासारखं केलं. "लई गोड, काका. कालच्यापेक्षा जास्त."

काका फांदी धरून तसेच उभे राहिले. "काल संध्याकाळी समद्या वेलावर निंबोळीचं तेल मारलंय," ते म्हणाले. "उग्र वासानं आमच्या घरात खिडक्या लावून घेतल्यात." आवाजात राग नव्हता. फांदी त्यांनी हळूच सोडली.

सर्दी गेल्यावर मी त्याच वेळी मुद्दाम भिंतीपाशी गेले. काकांनी नेहमीच्याच सुरात विचारलं, "चहा झाला का, ताई?" मग त्यांनी फांदी रस्त्याच्या बाजूला वाकवली, दूध घालायला आलेल्या माणसापुढं.