साक्ष द्यायला निघालेली मंडळी

चार माणसं एका कामाला लागली की काम किती होतं ते देव जाणे, पण किस्से मात्र ढीगभर जमतात! आमच्या सोलापूरच्या चर्चमध्ये पाळकसाहेब एका रविवारी म्हणाले, "सुवार्ता काय फक्त मीच या पुलपिटावर उभं राहून सांगायची? आपापल्या ओळखीत येशूची साक्ष द्या की!"

झालं! आमचा ग्रुपच तयार झाला. एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा डॅनियल, कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या रूथमावशी आणि शाळेत क्लार्क असलेला मी.

*

डॅनियल भयंकर लाजाळू. शेजारच्या मागावरच्या श्रीनूला आज सांगायचंच, असं ठरवून तो कामावर गेला. शेडमध्ये खडखडाट एवढा, की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. डॅनियलनं सगळा धीर गोळा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "श्रीनू, येशू..."

तेवढ्यात लाईट गेली! सगळे माग गप्प. आणि त्या शांततेत पुढचं वाक्य शेडभर घुमलं, "...तुझ्यावर लई प्रेम करतो!"

'येशू' कुणालाच ऐकू आला नव्हता. श्रीनू गंभीरपणे म्हणाला, "डॅनियल, वहिनींना विचारलंस का?"

अख्खी शेड हसून लोळली. मग नेमकं कोण प्रेम करतो, ते डॅनियलला सगळ्यांना बसवून सांगावं लागलं. लाईट येईपर्यंत!

*

माझी गोष्ट बार्शीच्या एसटीतली. शेजारी एक सज्जन गृहस्थ बसले होते. मी घाबरत घाबरत सुरुवात केली. माणूस इतकं मन लावून ऐकत होता, की त्याचे डोळे पाणावले. मला वाटलं, जिंकलं! माझं संपल्यावर मी पिशवीतून बायबलमधल्या नव्या कराराची छोटी प्रत काढली.

त्यांनीही पिशवीत हात घातला. तीच प्रत!

"मी पाळक आहे हो," ते म्हणाले. "तुम्ही थांबायची वाट बघत होतो. मला तुम्हाला हेच सांगायचं होतं!"

*

रूथमावशींना मात्र भीती ठाऊकच नाही. नवी पेठेतून रिक्षात बसल्या आणि लगेच हरवलेल्या मेंढराची गोष्ट सुरू. एक मेंढरू हरवलं म्हणून मेंढपाळ बाकीची सगळी रानात सोडून त्याच्या मागं गेला, इथपर्यंत आल्या, आणि रिक्षावाल्यानं ब्रेकच मारला.

"मावशी, आमी धनगर हाय. बाकीची कुणाच्या भरवशावर सोडली त्यानं? लांडगं काय उपाशी बसत्यात व्हय?"

मावशी सीटवर पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "अन् हरवलेलं मेंढरू तूच असतास तर?"

रिक्षावाल्यानं रिक्षा पुन्हा सुरू केली. पुढचा चौक आला. मग हळूच म्हणाला, "मग बरोबर केलं त्यानं."

*

मावशींच्या भिंतीला भिंत लावून शकुंतलाबाईंचं घर. बौद्ध कुटुंब, पक्की मैत्री. मावशी रोज भाकऱ्या थापत भिंतीपलीकडे एक गोष्ट सांगायच्या आणि शकुंतलाबाईंचं उत्तर ठरलेलं, "तुमचा येशू तुमाला, आमचा बुद्ध आमाला. भाजी काय केली?"

गेल्या वर्षी मावशींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, भाकरी थापायचा. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल. पण मावशीच बोलेनात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, डॅनियलनं गाणी म्हटली. मावशी हॉस्पिटलच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. कुणाला साक्ष द्यायची म्हटलं की पुढं असणारी ही बाई, आमच्याकडे बघेनासुद्धा. आमचाही धीर खचला.

एके दुपारी शकुंतलाबाई डबा घेऊन हॉस्पिटलात आल्या. मी तिथंच होतो. त्या कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, रोज तुमी सांगायचा. आज मी सांगते. शिष्य नावेत बसली हुती. वादळ लई मोठं. नाव बुडायला आली, समदी रडाय लागली. अन् येशू आपला नावेत ताठ उभा..."

"झोपला हुता!"

आवाज भिंतीकडून आला होता. जड, अडखळत, पण चिडलेला!

मी ताडकन उठलो. शकुंतलाबाईंनी मात्र शांतपणे डब्याचं झाकण उघडलं.

"बरं, झोपला हुता. मग उठिवलं कुणी? सांगा की!"