नसीम आपांनी वाढवलेला वेग

नसीम आपा कुठल्याही यंत्राला आधी हाताची मागची बाजू लावून बघायच्या. मॉनिटर असो, मिक्सर असो, नाहीतर माझ्या स्कुटीचं इंजिन. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात क्षणभर टेकवायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे बरं हाये," किंवा "याले आराम पायजे." तळहात का नाही लावत, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तव्यावरच्या पोळ्या उलटून उलटून तळहात बहिरा झाला माह्या. मागचा हात अजून खरं बोलते."

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे त्यांच्या वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. वडील गेल्यावर आपांनी तिथे संगणकाचे वर्ग सुरू केले, पण टाइपरायटर विकले नाहीत. एका भिंतीशी कापडाखाली टाइपरायटर आणि समोरच्या भिंतीशी संगणक, अशी ती खोली होती. मी आलापल्लीहून शिकायला म्हणून चंद्रपूरला आले, पदवी झाली आणि आपांच्याकडेच शिकवायला लागले. त्या तेव्हा चाळिशीच्या असाव्यात. लग्न केलेलं नव्हतं. डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नातेवाइकांशी हिंदी, घरात आणि माझ्याशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम.

इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ जावेद राहायचा. तो पूर्वी आलापल्ली ते सिरोंचा जीप चालवायचा. माणसं, कोंबड्या, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, मिळेल ते घेऊन. पावसाळ्यात एका वळणावर जीप उलटली आणि कमरेखालचं त्याचं शरीर कायमचं लुळं पडलं. मी त्याला पाहिलं ते पलंगाला टेकून बसलेलाच. खांदे मात्र ड्रायव्हरचेच होते. मी आलापल्लीची हे कळल्यावर तो रोज मला रस्ता विचारायचा. "मॅडम, त्या नाल्यावरचा पूल झाला का? डेपोजवळचा खड्डा भरला का?" जणू उद्या गाडी काढायची आहे.

आपांनी त्याच्यासाठी एक संगणक मागच्या खोलीत नेला, त्याला खेळातलं स्टिअरिंग जोडलं आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम टाकून दिला. पहिल्या दिवशी जावेद बराच वेळ नुसतं स्टिअरिंग धरून बसला होता. मग त्यानं गाडी काढली. त्यानंतर त्या खोलीतून शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. गाडी चालवताना शिट्टी वाजवायची त्याची जुनी सवय होती, असं आपांनी मला सांगितलं. अपघातानंतर ती शिट्टी त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती.

पण गाडी अडखळायची. वळण आलं, झाडं दाट झाली, की पडद्यावरचं चित्र थांबत थांबत पुढे सरकायचं. जावेद स्टिअरिंगवर हात आपटायचा. "आपा, ऐन वळणावर डोळे मिटल्यासारखं होते. मले हे नाई सहन होत." कोणत्या वळणाबद्दल तो बोलतोय हे आम्हा दोघींनाही कळायचं. पडद्यावरचं चित्र काढणारं नवं ग्राफिक्स कार्ड त्या जुन्या बोर्डात बसत नव्हतं, आणि अख्खं यंत्र बदलणं तेव्हा शक्य नव्हतं. तेव्हा आहे त्याच कार्डाचा वेग वाढवायचा, असं आपांनी ठरवलं.

त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेवरून कण्हत यायचं. विद्यार्थी गेले की आपा वाचायला बसायच्या. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे असा वेग वाढवायचे उद्योग, करणारी जगभरातली पोरं आपापले पराक्रम लिहून ठेवायची. आपा पराक्रम सोडून फक्त कार्ड जळाल्याच्या गोष्टी वाचायच्या. "जिंकलेला माणूस अर्धं सांगते," त्या म्हणायच्या, "हरलेला पुरं सांगते."

वाढवायची त्यांची रीतही स्वयंपाकघरातली होती. मीठ घालावं तसा थोडा थोडा वेग. एका छोट्या प्रोग्रॅममधून वेग किंचित वाढवायचा, जावेदला संध्याकाळभर गाडी चालवू द्यायची, आणि मग कार्डाला मागचा हात लावायचा. पडद्यावर तांदळाचे दाणे सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की समजायचं, कार्डाला झेपत नाही. लगेच एक पायरी मागे. असं करत करत त्यांनी कार्डाची हद्द शोधली, आणि हद्दीच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या. गाडी सुरळीत पळायला लागली.

अडचण निराळीच होती. चंद्रपूरच्या अंगावर वीज केंद्राची राख पडते, पण लोडशेडिंग चुकत नाही. वीज गेली की यंत्र बंद पडायचं, आणि पुन्हा सुरू झालं की कार्ड आपल्या मूळ वेगावर. जावेदला दर वेळी हाक मारावी लागायची. आधीच पाण्यासाठी, कूस बदलण्यासाठी, सगळ्यासाठी हाक मारणारा माणूस; आता खेळायलाही हाक. तो हाक मारेनासा झाला. अडखळणारी गाडी तशीच चालवायचा, शिट्टीशिवाय. तेव्हा आपा म्हणाल्या, "आता हे कार्डाच्या पोटातच लिहावं लागते."

ग्राफिक्स कार्डावर एक छोटी चिप असते. कार्डानं कोणत्या वेगानं चालायचं ते त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते पुसून नवं लिहायचं, याला फ्लॅश करणं म्हणतात. लिहिताना मध्येच वीज गेली किंवा भलतंच काही लिहिलं गेलं, तर कार्ड मुकं होतं आणि पडदा काळा पडतो. आपांनी आधी कार्डातलं मूळ लेखन जसंच्या तसं उतरवून घेतलं, एका फ्लॉपीवर आणि मग दुसऱ्याही. मी हसले, तर म्हणाल्या, "फ्लॉपीचा भरोसा तू करशीन, मी नाई करत." कोणीतरी इंटरनेटवर ठेवलेली तयार फाइल त्यांनी घेतली नाही. स्वतःच्याच कार्डाची फाइल उघडून तिच्यात फक्त वेगाचा आकडा बदलला. वीज गेल्यावर काही मिनिटं यंत्र चालू ठेवणारा यूपीएस मुद्दाम आणला, आणि तो खरंच चालतो का हे बघायला चालू यंत्राचा प्लग चक्क भिंतीतून उपटला. जावेद शर्यतीत पहिला होता. तो केवढ्यानं ओरडला!

"काय करून राह्यली व आपा?"

"तुह्यी गाडी पडली का बंद? नाई ना? मंग चिल्लाव नको."

फ्लॅश करायचं ते सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आत ठरलं. आपांनी मला दारात बसवलं, कोणी आत येऊन वायरीत पाय अडकवू नये म्हणून. जावेद पलंगावरून बघत होता. आपा फाइल चिपमध्ये लिहायला घेणार तेवढ्यात तो म्हणाला, "आपा, जरासं अजून वाढव ना. एवढं करून राह्यली त."

"झेपलेलं तेवढंच लिहायचं," आपा म्हणाल्या.

"जरासं. माह्यासाठी."

आपांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं अपघातानंतर हौसेचं काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांनी फाइलमधला आकडा आणखी वाढवला. फाइल चिपमध्ये लिहिली गेली, पडद्यावर सगळं ठीक झाल्याचा संदेशही आला. आपांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पण पडद्यावर काही म्हणता काही उमटेना. आपांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा लावलं. तसंच. जावेदनं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाला, "राहू दे आपा. बिघडलं त बिघडलं. माह्या हातून गाड्या बिघडतातच."

आपा गर्रकन वळल्या. "चुप! गाडी तू बिघडवली, हे मी बिघडवलं. आपापलं आपापल्याजवळ ठेव." मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "शालू, समोरच्या जुन्या मशीनमधलं कार्ड काढून आण."

मी आमच्या सगळ्यात जुन्या संगणकातलं कार्ड काढून आणलं. आपांनी ते जावेदच्या यंत्रातल्या दुसऱ्या खाचेत बसवलं आणि मॉनिटरची वायर त्याला जोडली. मुकं कार्डही आपल्या जागी तसंच ठेवलं. आता बघायला जुनं कार्ड, आणि दुरुस्त करायला मुकं. पडद्यावर अक्षरं आली. आपांनी फ्लॉपी घातली. ती कुरकुरली आणि फाइल वाचता येत नाही म्हणाली. आपांनी ती बाजूला ठेवली. दुसरी घातली. ती चालली. मूळ लेखन चिपमध्ये परत जायला लागलं, आणि नेमका तेव्हा डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. वेळापत्रकात नसताना वीज गेली होती. यूपीएस टीं टीं करायला लागला. आपांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावर नजर लावून त्या ओठातल्या ओठात काही पुटपुटत होत्या, दुआ असावी. जावेद भिंतीकडून कधी वळला, मला कळलं नाही. त्याचे दोन्ही हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे घट्ट झाले होते.

लिहून झालं. आपांनी यंत्र बंद केलं आणि वीज परत येईपर्यंत हात लावला नाही. वीज आल्यावर वायर पुन्हा जुन्या जागी जोडली, आणि चित्र उमटलं. जावेद हसायला लागला तो थांबेना. आपा मात्र खुर्चीत बसून ओढणीनं मान पुसत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच काम पुन्हा केलं, या वेळी झेपलेल्या वेगाच्याही एक पायरी खाली. जावेद "जरासं अजून" म्हणाला नाही. त्या दिवसापासून वीज कितीही वेळा गेली-आली तरी मागच्या खोलीतली शिट्टी आपोआप सुरू व्हायची. हाक मारावी लागायची नाही.

मे महिना लागला तेव्हा पडद्यावर पुन्हा तांदूळ सांडले. चंद्रपूरचा मे म्हणजे कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. आपांनी कार्डाला मागचा हात लावला आणि झटकन काढला. "डिसेंबरातली हिंमत मे मधी चालत नाई," म्हणाल्या, आणि वेग आणखी खाली आणला. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. जावेदही म्हणाला, "घाटात मीही गेअर उतरवायचो."

ही बातमी फुटली. इंजिनिअरिंगची पोरं कार्डं घेऊन यायला लागली. आपा आधी एकच प्रश्न विचारायच्या, "मेलं त काय करशीन?" ज्याला उत्तर नसायचं त्याला चहा पाजून परत पाठवायच्या. गडचिरोलीहून आलेला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मरन काऊन? तुमी हाये ना." आपा म्हणाल्या, "मी हाये म्हणून त माह्या भावाचं मेलं होतं." पण त्याला बसवून घेतलं, आणि सगळं त्याच्याच हातून करून घेतलं.

माझं लग्न झालं आणि मी चंद्रपूर सोडलं. अधूनमधून फोन व्हायचा. एका हिवाळ्यात आपांचाच फोन आला. जावेदला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला होता, आणि तो गेला होता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मागच्या खोलीत पलंग उभा करून ठेवला होता. आपा रडल्या नाहीत. पुढच्या खोलीत वर्ग सुरू होता आणि त्या मधूनमधून उठून पोरांच्या चुका दाखवत होत्या. निघताना मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, "घर लई चुप झालं, शालू." एवढंच.

त्यानंतर वर्षभरानं मी चंद्रपूरवरून माहेरी निघाले होते. आपा म्हणाल्या, बसनं जाऊ नको, मी सोडते. मला वाटलं गाडी भाड्यानं केली असेल. त्या दारात एक जुनी पांढरी मारुती घेऊन उभ्या होत्या, चष्मा डोळ्यांवर, ओढणी कमरेला खोचलेली. मी घाबरतच बसले. मांडीवरचं माझं मूल थोड्या वेळानं गाढ झोपलं, मग मीही सैल झाले. आपा सावकाश चालवत होत्या, पण हात जराही डगमगत नव्हता. वळण आलं की आधीच वेग उतरवायच्या आणि मान थोडी पुढे काढून लांबवर बघायच्या.

"क्लच-ब्रेक ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं शिकवलं," त्या म्हणाल्या. "पण वळणात कुठी पाहाचं, ते जावेदनं. शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी मले त्या स्टिअरिंगवर बसवायचा. गाडी ठोकली की म्हणे, आपा, जवळ नको पाहू, रस्ता जिथी संपते तिथी पाह्य."

आलापल्लीला आम्ही दुपारी पोचलो. आईनं जेवायला घातलं. आपांनी भात मागून घेऊन खाल्ला, आणि ऊन उतरायच्या आत परत निघाल्या. सागाच्या लाकडांचे ढीग ओलांडून गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी आई डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"बाई मोठी सफाईनं चालवते व," आई म्हणाली. "कोणं शिकवली तिले?"

"त्यांच्या भावानं," मी म्हणाले.

"काय करते भाऊ?"

"ड्रायव्हर होता," मी म्हणाले. "सिरोंच्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा."