परबकाकूंची तक्रार

नाहूरच्या आमच्या इमारतीत कोणाचंही मूल जिन्यात मोबाइल घेऊन बसलेलं दिसलं, की परबकाकू त्याच्या शेजारी बसकण मारून स्वतःही बघायला लागत. ओरडत नसत. दोन मिनिटांत मूलच वैतागून फोन खिशात घाली.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. "आमच्या बोर्डावर कोण मेलो घाण बोलूक लागलो, की मी प्लग उपटून टाकी. आता तो प्लग कोणाच्या हातात आसा, ता माका सांग." हा प्रश्न त्या मलाच नाही, दूधवाल्यालाही विचारत. मी चिडून म्हणायचे, "काकू, जग बदललंय." "बदलला ना? म्हणानच इचारतंय!"

माझी रेवा तेव्हा बारा वर्षांची. शाळा सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत काकूंकडे असायची. एकदा तिच्या शेजारी बसून काकूंनी पाहिलं, तर फोनवर एक हाडकुळी मुलगी न जेवता दिवस कसा काढायचा ते हसत हसत शिकवत होती. रेवा का रोडावली, हे काकूंनी मला सांगितलं. मी आई असून मला कळलं नव्हतं, याची लाज वाटली.

काकूंनी लगेच त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, हा व्हिडिओ आमच्या नियमांत बसतो.

"नियम कोणी केले गो?"

"कंपनीने."

"आणि तपासले कोणी?"

"कंपनीनेच."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग त्या पोलीस चौकीत गेल्या. तिथे म्हणाले, ऑनलाइन करा. ऑनलाइन बघितलं तर असल्या तक्रारीला रकानाच नव्हता. त्यांनी 'इतर' भरलं आणि रोज उत्तराची वाट बघितली.

अखेर त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'असले व्हिडिओ मुलांना दाखवू नयेत. सोबत नमुना जोडला आहे.' अर्जाला कागद जोडायची जन्माची सवय! आमच्याकडे आईबापांचे फोन असतात मुलांच्या हातात. संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या पोरांनी तो नमुना पाहिला. मी जिन्यातच कडाडले, "काकू, अक्कल गहाण टाकलीत का?"

काकू दुखरे गुडघे घेऊन सातही मजले फिरल्या, दारोदार माफी मागून समोर व्हिडिओ पुसायला लावला. शेवटी माझ्या दारात आल्या. "चूक माझी. पण त्या कंपनीचो कारखानो चालूच आसा."

मी रेवाला डॉक्टरांकडे न्यायला लागले. काकू रोज आपलं ताट घेऊन तिच्यासमोर बसत आणि जेवणाविषयी चकार शब्द न काढता गावच्या गजाली सांगत. कित्येक महिन्यांनी रेवा दुसरी चपाती मागू लागली.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. तो व्हिडिओ अजून आहे. रेवा म्हणाली, "आता मी तक्रार करते." तिने पोलिसांचा तोच ऑनलाइन अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न, 'तक्रारदाराचं वय अठरा पूर्ण आहे का?' बघताना तिला कोणीही वय विचारलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. फोन घेऊन म्हटलं, "तू सांग, मी लिहिते."

ती सांगत गेली. डबा कुठे ओतायची, शाळेत चक्कर कितीदा आली, मला काय काय थापा मारल्या. यातलं एक अक्षरही मला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून लिहीत राहिले.