दाराशी थांबलेले काका

भोरला मी समुपदेशन करते. आज दुपारी घडलेलं, काकांना विचारूनच लिहितेय.

विंझरकडचे हे काका मुलाशी दोन वर्षं बोललेले नाहीत. मी सांगितलेला, श्वासाकडे लक्ष द्यायचा सराव त्यांनी आजही केला नव्हता. "तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?" माझा आवाज चढला.

ते उठून दाराशी गेले. "आमचा बा बी असाच बोलायचा."

माझ्यातला रागावणारा पालक बोलला होता आणि त्यांच्यातलं भेदरलेलं मूल पळत होतं. मी तीन श्वास शांतपणे घेतले. "काका, माझं चुकलं."

त्यांनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाले, "पोराशी आमी बी असंच बोललो." आणि त्यांनी मुलाला फोन लावला. त्यानं उचलला.

तुमच्या तोंडून कधी दुसऱ्याच कुणाचा आवाज निघालाय का?