शाडूवरच्या चार रेघा

हिराजीनाना टायर आधी डोळ्यांनी बघत नसत. गाडी दुकानासमोर थांबली की ते उकिडवे बसत, डोळे मिटत आणि टायरवरून तळहात फिरवत. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग म्हणत, "बाहेर जाताना हात सरकतो, आत येताना ओरबडतो. तुझी चाकं फाकलीत." गाडीवाले आधी हसत आणि मग मुकाट्याने किल्ली देत. नाना गाडीच्या बाजूने दोरी ताणत आणि तिच्या रेषेत चाकांची तोंडं सरळ करत.

त्यांचं पत्र्याचं दुकान पेणला, हायवेच्या कडेला. ते आणि माझे वडील तरुणपणी एकाच मिठागरात राबलेले. वडील तिथेच राहिले, नाना टायरकडे वळले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. रोह्याच्या शाळेत नोकरी लागली त्या दिवसापासून नाना मला 'मास्तर' म्हणू लागले. त्यात कौतुक होतं, थोडी चेष्टाही होती.

मी एक जुनी गाडी घेतली होती. रोज माझ्यासोबत शाळेतल्या तीन बाई पेणहून रोह्याला येत. वाटेत खांब गावाजवळ एका टेम्पोने गाडीला पुढून डाव्या बाजूला ठोकलं. सुदैवाने कोणाला लागलं नाही. पनवेलच्या एका मोठ्या गॅरेजने महिनाभरात गाडी नव्यासारखी करून दिली. पण दोन महिन्यांत उजव्या पुढच्या टायरची आतली कड आणि डाव्याची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली. गॅरेजने नवे टायर टाकले आणि कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून हिरव्या आकड्यांचा छापील कागद दिला. पुन्हा तेच झालं. मॅनेजर म्हणाले, "सर, तुमच्याकडचे रस्ते तसे आहेत. आणि तुम्ही वळणं जोरात घेता."

मला ते पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं. मी बाईंची माफीसुद्धा मागितली, वळणावर गाडी हळू घेऊ लागलो, आणि तो कागद फाइलला लावला. आता काम समाधानकारक झाल्याच्या पत्रावर सही करणं तेवढं राहिलं होतं. एकदा सही झाली की पुढे गॅरेजची जबाबदारी संपणार होती. त्याआधी नानांकडे गेलो ते फक्त हवा भरायला.

नानांनी टायरला हात लावला आणि तो मागे घेतला. "आतली तार लागतेय हाताला. कोन बसतं हिच्यात?"

मी बाईंचं सांगितलं. हिरवे आकडे दाखवले.

"मशीननं चाकांची तोंडं सरळ केली, मास्तर. बूड सरकलंय ते कोन बघनार? टायर फुटला तर यो कागद लावशील काय चाकाला?"

"पण नाना, ते शिकलेले लोक आहेत. मशीन आहे त्यांच्याकडे."

"तू शिकलास, म्हनून कागदाला घाबरतोस. मी शिकलो नाय. मना कागद दिसतच नाय."

जवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यातून उरलेला शाडू ते आणून ठेवत. तो भिजवून त्यांनी अंगणात पातळ थर दिला आणि मला गाडी सरळ ढकलायला लावली. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेवरूनच गेली असती तर दोन रेघा उठल्या असत्या. उठल्या चार. मागची वाट पुढच्या वाटेपासून चांगली बोटभर बाजूला होती. धक्क्याने गाडीचा पुढचा सांगाडा उजवीकडे सरकला होता आणि तो तसाच ठेवून वरून रंग मारला होता.

"सही करू नको," नाना म्हणाले. "उद्या मी येतो."

आले ते शाडूची गोणी घेऊन. गॅरेजच्या चकचकीत फरशीवर त्यांनी चिखल पसरला तेव्हा मॅनेजर धावत आले.

"ओ आजोबा! हे काय चाललंय? मशीन ओके दाखवतंय."

"मग मशीनला इचार, टायर कोनी खाल्ला?" नाना फडकं पिळत म्हणाले. "ढकला गाडी. दोन रेघा आल्या तर तुमची फरशी मी जिभेनं पुसतो."

इतर गिऱ्हाइकंही गोळा झाली. चार रेघा उठल्या. नाना मोजत बसले नाहीत, मॅनेजरना म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमीच मोजा." त्यांनी मोजल्या नाहीत. पण सही मागायचंही सोडलं. सांगाडा सोडवून, ओढून, पुन्हा बसवायला पंधरा दिवस लागले. गाडी न्यायला गेलो तेव्हा नाना पुन्हा गोणी घेऊनच आले. या वेळी दोनच रेघा आल्या. "आता कर सही," ते म्हणाले. "मोठी कर."

पुढे साखरेच्या आजाराने त्यांच्या बोटांतली जाण गेली. मुलगा म्हणाला, दुकान बंद करा. "तळहात गेला, मनगट हाय," म्हणत ते मनगटाने टायर बघू लागले. मनगटही बधिर झालं, तेव्हा दुकानाला कुलूप लागलं. तरी मी भेटायला गेलो की ते काठी टेकत गाडीपर्यंत येत.

शेवटच्या भेटीत त्यांनी टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सपाट हाय. व्हय ना, मास्तर?"

"व्हय, नाना."

"हात न लावताच?" काठी जमिनीवर आपटली. "त्या ग्यारेजवाल्यांसमोर मान डोलवलीस, आता माझ्यासमोर बी? मना कायपन कळत नाय आता हातानं. बस खाली."

मी उकिडवा बसलो, डोळे मिटले. आत येताना तळहात सरकला. बाहेर जाताना ओरबडला.

"सपाट नाय, नाना," मी म्हणालो. "तुम्ही चुकलात. चाकांची तोंडं आत वळलीत."

त्यांच्या तोंडावर असं हसू मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "मग बघत काय बसलास? दोरी आत खुंटीला हाय."

आठवड्याने ते गेले. ती दोरी आता माझ्या गाडीत असते.