हरण्या नव्हे, कबरी

मी शाहपूरच्या केळीवाल्यांची लेक. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात आले तेव्हा स्वयंपाक बेताचा, शिवण त्याहून बेताचं. पण रोगट झाड मात्र लांबून ओळखायची. केळीच्या पानावर पिवळट-पांढरे पट्टे दिसले की तो हरण्या रोग. वडील म्हणायचे, हरण्याची दया करायची नाही. एक झाड राखलं तर बाग जाते. उपटायचं आणि गाडायचं.

सासूबाईंच्या खिडकीत, काचेच्या बरणीत मनी प्लांट होता. सुतळी बांधून गजांवर चढवलेला, आणि पानापानावर पांढरे शिंतोडे. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, माय गं, शहरातल्या लोकांना कळत कसं नाही! एका दुपारी सासूबाई बाजारात गेल्या. ही शहाणी पदर खोचून स्टुलावर चढली आणि पांढरं दिसेल ते पान खुडून मोकळी झाली. वर हात धुऊन, शाबासकीची वाट पाहत दारात बसली. आज ती पोरगी भेटली तर तिचा कान धरीन. पण तेव्हा तिचा थाट असा, जणू सरकारनंच तिला तपासणीला धाडलंय.

सासूबाई आल्या. पिशवी खाली ठेवली. उरलेल्या चार हिरव्या पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हरण्या होता," मी म्हणाले.

"हो का?" त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. "सूनबाई, माझंही बरंच पांढरं झालंय. आजपासून कडी लावून झोपते हो."

त्या होत्या तोवर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची.

एवढं होऊन मी सुधारले असेन, असं वाटतं ना? कुठलं काय!

गेल्या वर्षी नात नोकरीला इंदूरला गेली आणि जाताना तिचं झाड माझ्या गळ्यात घालून गेली. मैत्रिणीकडून वीतभर तुकडा आणून, पाण्यात मुळं फुटेपर्यंत रोज त्याच्याकडे टक लावून बसून वाढवलेलं. रुंद, कातरलेली पानं; अर्धं पान हिरवं, अर्धं दुधासारखं. कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी, तिला मुळांनी मिठी मारत वर चढणारं. नाव म्हणे मॉन्स्टेरा. माझ्या जिभेवर ते काही बसेना. ठिपक्यांच्या गाईला आपण कबरी म्हणतो, म्हणून हीही कबरी.

"आजी, माझ्या तिकडच्या रूमला खिडकीच नाही, म्हणून ठेवून जातेय," नात म्हणाली. "दिवाळीला येईन तेव्हा हिचं पांढरं जसंच्या तसं पाहिजे. दुसऱ्या कुणाला दिली नसती, समझी ना?"

समझी. मग उन्हाळा आला. आमच्याकडचं ऊन काय सांगावं! कबरीच्या पांढऱ्या भागाच्या कडा करपायला लागल्या. मी कुंडी उचलली आणि धान्याच्या कोठीमागच्या थंडगार अंधारात नेऊन ठेवली. तिथं तिनं लागोपाठ दोन पानं काढली. दोन्ही हिरवीगार, नावाला डाग नाही! मी आनंदानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, बरी झाली."

तेवढ्यात व्हिडिओ कॉल.

"आजी! ये क्या कर दिया? बरी झाली म्हणजे? ती आजारी होती का?"

"अगं, पण हिरवी..."

"उजेड नाही मिळाला की अशीच हिरवी होते! आता ते हिरवंच जोर करणार आणि पांढरं कायमचं संपणार. काप ते."

"हिरवं कापू?"

"खालच्या कबऱ्या पानाच्या पेरापर्यंत. उजेडात ठेव, पण सरळ ऊन नको. आणि मला दाखवू नको." फोन बंद झाला.

कात्री पुसून मी कबरीसमोर बसले. पांढरं खुडताना जो हात जराही अडखळला नव्हता, तो आता पुढे जाईना. इतकं तजेलदार, निरोगी हिरवं कापायचं? वडिलांनी पाहिलं असतं तर जेवायला वाढलं नसतं. शेवटी डोळे मिटले, मग आठवलं की पेर बघूनच कापायचंय, म्हणून उघडले. आणि कापलं.

कबरीला पूर्वेच्या खिडकीत, विरळ पडद्याआड ठेवलं. पावसाळाभर कापलेलं टोक बोडकंच. मी रोज पेराशी बोट फिरवायची. गणपती झाले, तेव्हा तिथं डोळा फुगला. वसुबारसेला नात आली, तोवर केळीच्या पोंग्यासारखी एक गच्च गुंडाळी वर आली होती. आत हिरवं की पांढरं, काही कळेना. नात खांद्यावरची बॅग न काढता तिच्यापुढे उकिडवी बसली. दोन दिवस उठल्याबसल्या त्या गुंडाळीपाशी जाऊन वाकून बघायची.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नात खिडकीजवळून ओरडली, "आजी, देख!"

पान उलगडलं होतं. एक बाजू हिरवी, दुसरीवर जणू चुन्याचा हात फिरवलेला. नातीनं मला इतकं घट्ट धरलं की हातातलं बेसन तिच्या नव्या कुर्त्याला लागलं.

मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, "आजी, ओट्यावर बरणीत हे काय?"

कापलेलं हिरवं होतं ते. मुळं फुटून बरणीभर झाली होती.

"ते माझं," मी म्हणाले. "निरोगी आहे. हात लावू नको."