चुन्याचा हिवाळा

कानिशाय पाऱ्याच्या भट्टीवर झाडूवाली. पण पारा झाडूनं पळतो, हाती लागत नाही. म्हणून सांडलेल्या मण्यांवर गंधकाची पिवळी भुकटी टाकायची. पारा तिला चिकटला की काळा पडून गप बसतो.

एका हिवाळ्यात गंधक संपलं. मुकादमानं चुना टाकायला लावला. जमीन पांढरीफेक, सगळे खूश. मणी खाली तसेच, वाफ सोडत. अन् त्याच उबदार कोपऱ्यात तिचा भट्टीवरच राबणारा धाकटा भाऊ ओरमोन जेवायचा, पडायचा.

बर्फ वितळेपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले. चहाची वाटी धरवेना. आमच्या डोंगरात पाहुण्याला दोनच घोट ओततात, परत परत, त्यात मान. काठोकाठ भरली म्हणजे, ऊठ आता. कानिशाय भावाला दोनच घोट द्यायची. मान राहायचा, सांडायचंही नाही.

"एजे, मी पाहुणाय का?" थोरल्या बहिणीला आम्ही एजेच म्हणतो.

"पाहुणा असतास तर मेंढी कापली असती. पी गप."

दवाखान्यात शिशाच्या विषावरचं औषध होतं, तेच टोचत होते. डॉक्टरीण खोटं बोलणारी नव्हती. तिनं सांगितलं, धातू असो की औषध, स्वभावानं काही कडक असतात, काही मऊ. कडक कडकाला धरतं, मऊ मऊला. पारा मऊ, गंधक मऊ. हे औषध कडक धातूला आवळतं, पाऱ्याला नीट धरत नाही. गंधकवालं औषध खाली ओश शहरात मिळालं तर मिळालं.

"म्हणजे इथंपण चुनाच," कानिशाय म्हणाली.

"हो. माझ्याकडं दुसरं काही नाही."

ओशला ती दारोदार फिरली. हाकललं, परत गेली. एका नर्सच्या पायाशीच बसली, उठलीच नाही. शेवटी औषध घेऊनच आली.

लघवीतून पारा पडायला लागला. कानिशाय रोज हातांकडं बघायची. हात तसेच. ती डॉक्टरणीवर धावून गेली.

"मेंदूतही गंधक असतं, कानिशाय," बाई हळू म्हणाली. "आपण पोचायच्या आधीच पाऱ्याला ते सापडलं. तिथून ओढून काढेल असं औषध माझ्या माहितीत नाही."

त्या संध्याकाळी ओरमोननं वाटी पुढं केली. दोन्ही हातांनी धरूनही ती दातांवर वाजत होती.

"एजे, आज काठोकाठ भर."

तिला कळलं. तिनं दोन घोट ओतले, वाटीखाली आपला तळवा लावला.

"पी. संपलं की परत ओतते."

अर्धं त्याच्या दाढीवर सांडलं. तिनं परत दोन घोट ओतले.